थेट परकीय गुंतवणूक आणि आर्थिक वाढ: दक्षिण आशियाचे आकडे वाचायचे कसे?

(सहा जणांची लेखी चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

कोरा कागद

एम.ए.च्या प्रबंधासाठी विषय घेतला आहे: थेट परकीय गुंतवणूक (पुढे एफडीआय म्हणतो) आणि आर्थिक वाढ. देश पाच: भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ. काळ १९९० ते २०२२. आकडे जागतिक बँकेचे. एका बाजूला जीडीपी वाढीचा दर, दुसऱ्या बाजूला जीडीपीच्या टक्क्यांत एफडीआय, सोबत महागाई, व्यापाराचे प्रमाण आणि एकूण भांडवल गुंतवणुकीचा दर. फिक्स्ड इफेक्ट्स (प्रत्येक देशाचे कायमचे वेगळेपण बाजूला काढणारी पद्धत) लावले. भांडवल गुंतवणुकीचा दर बाहेर ठेवला तर एफडीआयचा गुणक (एफडीआय वाढली की वाढीचा दर कितीने बदलतो तो आकडा) धन येतो, आत घेतला की जवळजवळ नाहीसा होतो. जीएमएम (चलांच्या मागच्या वर्षांच्या किमती ‘साधने’ म्हणून वापरणारी अंदाजपद्धत) लावून बघ असा सल्ला मिळाला आहे.

दुसरी अडचण त्याहून मूलभूत आहे. २०२४-२५ साठी भारतात ८१ अब्ज डॉलर आले असे एका बातमीत आहे, ०.३५ अब्ज आले असे दुसरीत. दोन्हीकडे हवाला सरकारी आकड्यांचाच. यातला कुठला धरायचा?

तिमाही

दोन्ही बरोबर आहेत, आणि तुम्ही जागतिक बँकेचा जो वापरताय तो तिसरा आहे. आधी हे सोडवू.

२०२४-२५ मध्ये ढोबळ आवक सुमारे ८१ अब्ज डॉलर होती. त्याच वर्षी परदेशी गुंतवणूकदारांनी भारतातले आपले हिस्से विकून किंवा भांडवल काढून सुमारे ५१.५ अब्ज परत नेले. उरले साडेएकोणतीस अब्जांच्या आसपास. भारतीय कंपन्यांनी परदेशात केलेली थेट गुंतवणूक सुमारे २९.२ अब्ज. ती वजा केली की रिझर्व्ह बँकेचा निव्वळ आकडा येतो: ०.३५ अब्ज.

जागतिक बँकेच्या रकान्याला ‘नेट इनफ्लोज’ म्हणतात तो मधला आकडा. त्यात परत गेलेला पैसा वजा असतो, पण आपल्या कंपन्यांनी बाहेर नेलेला नसतो. प्रबंधांमध्ये ‘निव्वळ’ हा शब्द वाचून तो रिझर्व्ह बँकेच्या निव्वळ आकड्याशेजारी ठेवला जातो आणि तिथेच घोळ होतो. तुमच्या तक्त्याखाली व्याख्या लिहाच.

आता ८१ अब्जांच्या आत बघा. भागभांडवलाची आवक त्यातली सुमारे ५० अब्ज. बाकीचा मोठा भाग म्हणजे इथल्या परदेशी कंपन्यांनी इथेच कमावलेला आणि बाहेर न नेलेला नफा. तो नफा देशाच्या परदेशी देवघेवीच्या ताळेबंदात आवक म्हणून धरतात, कारण मालक परदेशी आहे. त्या रकमेपुरता एकही डॉलर सीमा ओलांडून आलेला नसतो. आंतरराष्ट्रीय पद्धत तीच आहे, त्यात लबाडी काही नाही. पण ‘८१ अब्ज डॉलर देशात आले’ हे वाक्य त्यामुळे चुकीचे ठरते.

परत जाण्याचे एक उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाई मोटर इंडियाची २७,८७० कोटींची समभाग विक्री झाली. एकही नवा शेअर नव्हता, सगळा मूळ कोरियन कंपनीचा हिस्सा होता. भारतीय कंपनीच्या खात्यात त्यातला पैसा आला नाही. चेन्नईजवळचा कारखाना होता तिथेच आहे, कामगार तेच आहेत, फक्त साडेसतरा टक्के मालकी बदलली.

सांख्यिक

गुणक नाहीसा होतो यात तुमच्या गणिताची चूक नाही, तसेच व्हायला हवे. एफडीआय वाढीला हातभार लावते तो दोन वाटांनी. एक, यंत्रे आणि इमारती उभ्या राहतात. दोन, तंत्र आणि कामाची शिस्त आजूबाजूला पाझरते. एकूण भांडवल गुंतवणुकीचा दर समीकरणात घातला की पहिली वाट त्याने आधीच मोजलेली असते, आणि एफडीआयच्या गुणकात फक्त दुसरी उरते. म्हणजे तुम्ही एकाच नावाखाली दोन वेगळे प्रश्न विचारताय. दोन्ही तक्ते द्या, आणि कुठला कुठल्या प्रश्नाचे उत्तर आहे ते वर लिहा.

जीएमएमचा सल्ला ऐकू नका. ती पद्धत देश शंभर आणि वर्षे पाच-सात असतील तेव्हाची. तुमच्याकडे देश ५ आणि वर्षे ३३. साधने देशांच्या संख्येपेक्षा कितीतरी जास्त होतील आणि हॅन्सन चाचणी (साधने योग्य आहेत का ते तपासणारी) १.०० अशी सुंदर संभाव्यता दाखवेल. ते यश नसते, चाचणीचा जीव गेल्याचे लक्षण असते.

प्रत्येक देशासाठी वेगळे एआरडीएल (आजचा आकडा मागच्या वर्षांच्या आकड्यांशी जोडणारे समीकरण) करा. वार्षिक आकडे ३३ आहेत, दोनपेक्षा जास्त लॅग, म्हणजे मागची वर्षे, घेऊ नका. पाच चलांना दोन-दोन लॅग दिले की निम्मी मोकळीक (डिग्रीज ऑफ फ्रीडम) संपते. बाउंड्स टेस्टसाठी (चलांमध्ये दीर्घकाळाचे नाते आहे का ते पाहणारी चाचणी) पेसरानांच्या मूळ तक्त्यातल्या सीमा मोठ्या नमुन्याच्या आहेत. ३० ते ८० निरीक्षणांसाठी नारायण यांनी २००५ मध्ये वेगळे तक्ते दिले, ते वापरा. कुठलेही चल दुसऱ्या फरकानंतर (लागोपाठच्या वर्षांची वजाबाकी दोनदा केल्यावरच) स्थिर होणारे नाही ना, हे आधी तपासा.

आणखी तीन खड्डे. एफडीआयला जीडीपीने भागलेय आणि दुसऱ्या बाजूलाही जीडीपीच आहे, म्हणून मंदीच्या वर्षी प्रमाण आपोआप फुगते. वर्षाच्या सुरुवातीच्या जीडीपीने किंवा तीन वर्षांच्या सरासरीने भागून पाहा. नेपाळचे काही वर्षांचे आकडे ऋण आहेत, त्यांचा लॉगरिदम घेता येत नाही. सॉफ्टवेअर ती वर्षे गुपचूप गाळते. आणि भारताचे वर्ष एप्रिल ते मार्च, पाकिस्तान व बांगलादेशाचे जुलै ते जून, श्रीलंकेचे जानेवारी ते डिसेंबर. २००८ आणि २०२० चे धक्के त्यामुळे वेगवेगळ्या रांगांत पडतात. सामाईक वर्षाचे डमी (त्या वर्षाला १, बाकीच्यांना ०) लावून हे सुटत नाही.

बंदरवारा

वरचे सगळे मान्य. पण हे पाच देश एका पिशवीत घालण्याआधी पैसा कुठे गेला ते बघायला हवे. माझ्या मते प्रश्न एकच विचारावा: या गुंतवणुकीची कमाई कुठल्या चलनात आणि देणी कुठल्या चलनात?

पाकिस्तान घ्या. २००७-०८ मध्ये तिथे सुमारे ५.४ अब्ज डॉलर एफडीआय आली, तोवरचा उच्चांक. नोव्हेंबर २००८ मध्ये तोच देश कर्जासाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात होता. तेव्हाचा पैसा मुख्यत्वे दूरसंचार, बँका आणि तेल-वायूत होता. २००५ मध्ये पीटीसीएल या सरकारी दूरसंचार कंपनीचा २६ टक्के हिस्सा व्यवस्थापनासह अमिरातीच्या एतिसलातला २.६ अब्जांना विकला, त्यातले ८० कोटी डॉलर मालमत्ता हस्तांतराच्या वादात अडकून राहिले. मोबाइल कंपनी ग्राहकाकडून रुपये घेते. लाभांश मात्र डॉलरमध्ये पाठवायचा असतो. आवक एकदाच होते, जावक दरवर्षी, आणि मधल्या काळात निर्यात वाढलेली नसते.

विजेत हे आणखी टोकाला गेले. १९९४ च्या धोरणाने खासगी वीजकंपन्यांना दोन भागांचा दर दिला: विजेचा वेगळा आणि क्षमतेचा वेगळा. क्षमतेचे पैसे वीज घेतली नाही तरी द्यायचे, आणि तेही डॉलरशी बांधलेले. रुपया घसरला की बिल वाढते. बिल वाढले की वसुली घटते, चोरी वाढते. वितरण कंपनी वीजकंपनीचे थकवते, वीजकंपनी तेलकंपनीचे. ही थकबाकीची साखळी वर्षानुवर्षे सुटलेली नाही.

आपल्याकडच्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. गुहागर तालुक्यातल्या दाभोळ वीजप्रकल्पाचा डिसेंबर १९९३ चा करार याच साच्याचा होता: क्षमतेचे पैसे ठरलेले, दर डॉलरशी आणि इंधनाच्या किमतीशी बांधलेला, वर राज्याची हमी आणि केंद्राची प्रतिहमी. पहिला ७४० मेगावॉटचा टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये बंद पडला. वीज मंडळाला ती वीज न परवडण्याचे कारण करारातच होते. आकड्यांत तो प्रकल्प त्या काळातली मोठी परकीय गुंतवणूक म्हणूनच दिसतो.

श्रीलंकेच्या हंबनतोटा बंदराबद्दल सगळे ‘कर्ज फिटेना म्हणून बंदर गेले’ असे सांगतात. ते तसे नाही. २०१७ च्या करारात चायना मर्चंट्स या चिनी कंपनीकडून ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यासाठी ११२ कोटी डॉलर मिळाले. ते एफडीआय म्हणून नोंदले आणि परकीय चलनसाठ्यात गेले. बंदर बांधायला घेतलेले कर्ज होते तसेच सरकारच्या माथी राहिले. त्या काळातला श्रीलंकेचा एफडीआयचा आकडा या हप्त्यांनी उंचावलेला आहे, आणि त्यातून नवा धक्का बांधला गेला नव्हता. एप्रिल २०२२ मध्ये देशाने परदेशी कर्जफेड थांबवली. प्रबंधात श्रीलंकेची २०१७-१८ ची वर्षे तशीच घेतलीत तर ‘एफडीआय वाढली, नंतर अर्थव्यवस्था कोसळली’ असे काहीतरी दिसेल आणि त्याचा अर्थ शून्य असेल.

गोदाकाठ

बंदरवारा, चलनाचा मुद्दा पटतो, पण निष्कर्ष फार कडक होतोय. देशांतर्गत बाजारासाठी आलेली प्रत्येक गुंतवणूक ओझेच असती तर मारुती सुझुकीचे काय? १९८२ मध्ये सुझुकी २६ टक्के घेऊन आली ती भारतीय ग्राहकासाठीच. निर्यात नंतरची गोष्ट. फरक पडला तो सुटे भाग टप्प्याटप्प्याने इथेच बनवण्याच्या अटीमुळे. जपानी पुरवठादार इथल्या उद्योजकांशी भागीदारीत आले आणि गुडगावभोवती कारखान्यांची माळ उभी राहिली. मोजायला हवी ती ही मागची साखळी.

पाझर हा शब्द वर आला. तो प्रत्यक्षात कसा होतो ते चाकण-भोसरीच्या पट्ट्यात दिसते, म्हणून थोडे जवळून लिहितो.

समजा भोसरीतल्या एका प्रेसशॉपला (पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्याला) चाकणच्या परदेशी मोटार कंपनीच्या पुरवठादाराकडून एक ब्रॅकेट बनवायचे काम हवे आहे. किंमत जुळली म्हणून काम मिळत नाही. आधी आयएटीएफ १६९४९ या मोटार उद्योगाच्या दर्जा-मानकाचे प्रमाणपत्र किंवा त्या वाटेवर असल्याचा पुरावा. मग पीपीएपी, म्हणजे उत्पादनाआधी भाग मंजूर करून घेण्याची कागदपत्रे: १८ बाबींचा गठ्ठा. ड्रॉइंग, प्रक्रियेचा आलेख, कुठे काय बिघडू शकते याचा तक्ता, कंट्रोल प्लॅन, मोजमापाच्या साधनांचा अभ्यास, कच्च्या मालाचे अहवाल, नमुना भाग, आणि शेवटी सही-शिक्क्याचे वॉरंट. महत्त्वाच्या मापांसाठी सुरुवातीचा क्षमता निर्देशांक १.६७ च्या वर लागतो. भोकाचा व्यास ड्रॉइंगच्या मर्यादेत बसला एवढ्यावर भागत नाही. सलग उत्पादनातले नमुने मोजल्यावर त्यांचा पसारा मर्यादेच्या बराच आत राहायला हवा.

बहुतेक शॉप इथेच अडकतात, आणि दोष बहुधा प्रेसचा नसतो. एकच भाग तीन जणांनी तीनदा मोजला की मापे जुळत नाहीत, कारण गेज (मोजायचे साधन) झिजलेला असतो किंवा भाग घट्ट धरणारा साचा, फिक्स्चर, नसतो. मोजमापातली चूक एकूण फरकाच्या ३० टक्क्यांवर गेली की ती साधनपद्धतच नामंजूर होते. मग गेज बदलतो, फिक्स्चर बनते, डाय दुरुस्तीचे वेळापत्रक भिंतीवर लागते. हेच शॉप पुढे देशी ट्रॅक्टर कंपनीलाही त्याच शिस्तीने माल देते. वाढ म्हणतात ती इथे आहे, आणि एफडीआयच्या कुठल्याही रकान्यात ती दिसत नाही.

चाकणचा तोच मोटार कारखाना सगळे भाग सुटे आयात करून फक्त जोडणी करत असेल तर भोसरीपर्यंत काहीच पोचत नाही. डॉलर दोन्हीकडे सारखेच नोंदले जातात.

वीण

बांगलादेशाकडे कुणी वळले नाही. या चर्चेतला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा तिथे आहे, कारण एफडीआय जीडीपीच्या एक टक्क्याखाली असतानाही त्या देशाने कित्येक वर्षे ६ टक्क्यांच्या आसपास वाढ गाठली.

१९७९ मध्ये नुरुल क़ादेर यांच्या देश गार्मेंट्सने कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला. देवूने भांडवल घातले नाही. १३० जणांना कोरियात पुसानला नेऊन सहा महिने शिकवले: कापणी, शिलाईची रांग, दर्जातपासणी, माल पाठवण्याची कागदपत्रे. बदल्यात विक्रीवर ८ टक्के, रॉयल्टी आणि विक्री कमिशन मिळून. पुढच्या काही वर्षांत त्या १३० मधले ११५ जण बाहेर पडले. कुणी स्वतःचे कारखाने काढले, कुणी दुसऱ्यांचे उभे करून दिले. देश गार्मेंट्सला ती गळती होती. देशाला तो उद्योग मिळाला.

पण शिक्षण एकटे पुरले नसते. भांडवल नसलेल्या माणसाला कापड कुठून मिळणार? त्याचे उत्तर दोन सोयींनी दिले. पहिली बाँडेड गोदामाची: निर्यातीसाठी आणलेल्या कापडावर आयातशुल्क भरायचे नाही, वापराचा हिशेब पासबुकात. दुसरी बॅक-टू-बॅक पतपत्राची. पतपत्र म्हणजे माल पाठवला की पैसे देण्याची ग्राहकाच्या बँकेची हमी. समजा युरोपच्या ग्राहकाचे एक लाख डॉलरचे पतपत्र आले. ते तारण धरून ढाक्यातली बँक कापड आणि बटणे पुरवणाऱ्याच्या नावे दुसरे पतपत्र उघडते, साधारण ७० ते ७५ हजारांचे, मुदत ९० ते १८० दिवसांची. माल शिवून जातो, पैसे येतात, आधी कापडवाल्याचे फिटतात, उरलेल्यातून मजुरी आणि नफा. कारखानदाराला कापडासाठी स्वतःचा पैसा घालावा लागत नाही.

हे बिघडते ते वेळेमुळे. कापड पंधरा दिवस उशिरा आले तर जहाजाची तारीख चुकते, माल विमानाने पाठवावा लागतो आणि त्या एका खर्चात सगळा नफा जातो. ग्राहकाने सवलत मागितली तरी कापडवाल्याचे देणे पूर्ण राहते, मग बँक ते सक्तीच्या कर्जात बदलते.

तेव्हा कोरा कागद, तुमच्या समीकरणात बांगलादेश ‘एफडीआय कमी, वाढ बरी’ म्हणून गुणक खाली ओढेल. परदेशातून आलेले ज्ञान तिथे होतेच. ते भागभांडवलाच्या रूपात आले नाही, एवढेच.

कोरा कागद

सगळ्यांचे आभार. एक विचारायचे राहिले: हा आकडा मुळात तयार कुठे होतो? आणि राज्यनिहाय आकडे वापरून महाराष्ट्रावर एक प्रकरण करता येईल का?

तिमाही

कागदांच्या वाटेने सांगतो. परदेशी गुंतवणूकदाराचा पैसा बँकेत येतो. बँक आवक-प्रमाणपत्र आणि त्याचा केवायसी अहवाल देते. कंपनीने ६० दिवसांत शेअर वाटायचे, नाहीतर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत करायचे. शेअरची किंमत सनदी लेखापाल, कॉस्ट अकाउंटंट किंवा सेबी-नोंदणीकृत मर्चंट बँकरच्या मूल्यांकनापेक्षा कमी नसावी. वाटप झाल्यापासून ३० दिवसांत एफसी-जीपीआर हा फॉर्म रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स पोर्टलवर भरायचा. आधीच्या भागधारकाकडून शेअर विकत घेतले असतील तर एफसी-टीआरएस, मुदत ६० दिवस. दरवर्षी १५ जुलैपर्यंत एफएलए, म्हणजे परदेशी देणी आणि मालमत्तेचे विवरणपत्र. इथल्या परदेशी कंपन्यांनी ठेवून घेतलेला नफा कळण्याचा महत्त्वाचा मार्ग हे विवरणपत्रच.

फॉर्म नेहमी अडतात ते क्षुल्लक कारणांनी: पाठवणाऱ्याचे नाव आणि भागधारकाचे नाव वेगळे, बँक शुल्क कापल्यामुळे आलेली रक्कम कराराशी न जुळणारी, मूल्यांकनाची तारीख वाटपाच्या नंतरची. उशीर झाला तर विलंबशुल्क ७,५०० रुपये अधिक रकमेच्या ०.०२५ टक्के गुणिले उशिराची वर्षे.

प्रबंधासाठी यातली एक व्याख्या लक्षात ठेवा. नोंदणीकृत बाजारात नसलेल्या कंपनीत कितीही लहान हिस्सा घेतला तरी ती एफडीआय. नोंदणीकृत कंपनीत १० टक्के किंवा जास्त असेल तरच एफडीआय, कमी असेल तर पोर्टफोलिओ. २०२० मध्ये जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये फेसबुक ९.९९ टक्क्यांवर आली, तरी ती एफडीआयच, कारण जिओ प्लॅटफॉर्म्स बाजारात नोंदलेली नव्हती. त्या वर्षी ढोबळ आवक सुमारे ८२ अब्ज, आणि जीडीपी घटलेला. जिओमधल्या पैशाचा मोठा उपयोग समूहाचे कर्ज उतरवायला झाला. गुंतवणूक आणि बांधकाम यांत असा फरक असतो.

महाराष्ट्राचे म्हणाल तर २०२४-२५ च्या भागभांडवल आवकेत राज्याचा वाटा ३९ टक्के आहे. पण राज्यनिहाय मालिका ऑक्टोबर २०१९ पासूनची. त्याआधीचे आकडे रिझर्व्ह बँकेच्या प्रादेशिक कार्यालयांनुसार होते, आणि मुंबई कार्यालयात दादरा-नगर हवेली व दमण-दीवही येत. दोन्ही मालिका जोडू नका. शिवाय मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीचे काम देशभर असते, त्यामुळे या ३९ टक्क्यांवरून चाकण किंवा रांजणगावात काय उभे राहिले ते कळत नाही. गुंतवणूकदार देशांच्या यादीत वर दिसणारे सिंगापूर आणि मॉरिशसही बहुतेकदा भारतात येण्याआधीचा पैशाचा शेवटचा थांबा असतात, उगम नव्हे.

सांख्यिक

महाराष्ट्राचे प्रकरण त्या मालिकेवर उभे राहणार नाही, पाच-सहा निरीक्षणांवर काय चालवणार? त्याऐवजी उद्योगांच्या वार्षिक पाहणीतून जिल्हा किंवा उद्योगगट घ्या आणि सुट्या भागांच्या कारखान्यांची दर कामगारामागची मूल्यवृद्धी बघा. गोदाकाठ म्हणतात ती साखळी सापडलीच तर तिथे सापडेल.

शिक्षणाचे चल घालणार असाल तर एक सावधगिरी. एफडीआयचा वाढीला उपयोग होण्यासाठी शिक्षणाची एक किमान पातळी लागते, हा बोरेन्स्टाइन आणि सहकाऱ्यांचा १९९८ चा निष्कर्ष सगळे उद्धृत करतात. पण बॅरो-ली यांचे (देशोदेशी लोक सरासरी किती वर्षे शाळेत गेले याचे) आकडे दर पाच वर्षांनी असतात. मधली चार वर्षे सरळ रेषेने भरली की ३३ निरीक्षणे दिसतात, खरी असतात सहा-सात.

कोरा कागद

मग असे करतो. पाच देशांचे एकत्र समीकरण फक्त पहिल्या तक्त्यापुरते, व्याख्या आणि मर्यादा लिहून. पुढे भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश वेगळे, प्रत्येकी दोन लॅगपर्यंत. श्रीलंकेसाठी २०१७-१८ मधले हंबनतोट्याचे हप्ते वजा करून एक मालिका आणि न करता एक. नेपाळ?

बंदरवारा

नेपाळ गाळा किंवा वर्णनापुरता ठेवा. तिथे किमान गुंतवणुकीची अट २०१९ मध्ये ५० लाखांवरून ५ कोटी नेपाळी रुपये केली आणि २०२२ मध्ये २ कोटींवर आणली. त्या तीन वर्षांतले चढउतार अटीचे आहेत की अर्थव्यवस्थेचे, हे वार्षिक आकड्यांतून वेगळे काढता येणार नाही. पाकिस्तानचे करताना एफडीआय क्षेत्रवार फोडा. त्यांची मध्यवर्ती बँक वीज, दूरसंचार, वित्त असे वेगळे आकडे देते. आणि त्याच्याच शेजारी परदेशी गेलेल्या नफ्याचा रकाना ठेवा, त्याच वर्षांचा.